गाण्याची ऑडिशन: 'नाही' म्हणणारा नेमकं काय ऐकत असतो?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, हेडफोन तुटलाय किंवा लोकलच्या गर्दीत काही ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा', 'बरं का' आले, त्यातले निम्मे काढलेत. उरलेले गोड मानून घ्या.)

आपण इतिहास म्हटलं की किल्ले, लढाया, तह यांच्यात रमतो. आजचा इतिहास एका बंद दाराचा आहे. दाराबाहेर गाणारे उभे आहेत आणि आत ठरवणारे बसलेत. गेल्या पाऊणशे वर्षांत हे दार बदललं, आतली माणसं बदलली, बाहेरची रांग तर मैलभर लांब झाली. पण त्या दारातून बाहेर पडताना कानावर येणारा शब्द तोच राहिला: "पुढचा!"

हा विषय घ्यायचं कारण सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण मेसेज करता की अमुक शोची ऑडिशन दिली, नाही झालं, आता गाणं सोडावं का? याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कारण मी तुमचं गाणं ऐकलेलं नाही. पण 'नाही' म्हणणारी माणसं आजवर नेमकं काय शोधत आली, हे मात्र सांगू शकतो. ते कळलं की त्या 'नाही'चं वजन किती धरायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

टीव्हीवर दिसते ती पहिली फेरी नसते

सुरुवात एका गैरसमजापासून करू. टीव्हीवर आपण काय बघतो? एक मुलगा दार ढकलून आत येतो. समोर तीन प्रसिद्ध परीक्षक. "नाव काय? कुठून आलास?" तो गातो, आणि हो किंवा नाही. आपल्याला वाटतं, बाहेर जे हजारो लोक दिसतात, ते सगळे असेच एकेक करून आत येत असणार.

जरा साधं गणित करा. एका शहरात दोन-तीन हजार मुलं आली. प्रत्येकाला बोलण्यासकट पाच मिनिटं दिली, तरी हजार मुलांना पाच हजार मिनिटं लागतात. म्हणजे ८३ तास. तीन नामवंत परीक्षक एका शहरात ८३ तास बसतील का? अर्थातच नाही.

म्हणून अशा शोमध्ये आधी चाळण्या लागतात. पहिल्या चाळणीत संगीताची जाण असलेली पण तुम्ही नावानं न ओळखणारी माणसं असतात. पुढच्या चाळणीत निर्मात्यांची माणसं बसतात. त्यांतून जे उरतात, तेच त्या झगमगत्या खोलीत जातात. अमेरिकेतल्या 'अमेरिकन आयडॉल'पासून जगभर हीच पद्धत चालत आली आहे.

यातून एक गंमत निघते. टीव्हीवर जो अगदीच बेसूर गातो, ज्याच्यावर परीक्षक हसतात, तोसुद्धा चाळण्या पार करूनच तिथवर आलेला असतो! चुकून आत शिरलेला नसतो तो, त्याला निवडून आत पाठवलेलं असतं. २००४ मध्ये अमेरिकेत विल्यम हंग नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असाच कॅमेऱ्यासमोर आला. गाणं यथातथाच होतं, नाकारला गेला, आणि त्या एका क्लिपवर जगभर प्रसिद्ध झाला. त्याच काळात चांगलं गाणारी कितीतरी मुलं पहिल्याच टेबलावरून घरी गेली असतील. त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही.

थोडक्यात, ही चाळणी फक्त सुरांची नाही. मग कशाची आहे? त्यासाठी थोडं मागे जाऊ. चला, १९४८.

"आवाज फार पातळ आहे"

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण आज वेगळ्या बाजूनं बघू. गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओत 'शहीद' चित्रपटाची तयारी चालली होती. संगीतकार मास्टर गुलाम हैदर यांनी विशीच्या आतल्या एका मुलीला निर्माते शशधर मुखर्जी यांच्याकडे नेलं. मुखर्जींनी आवाज ऐकला आणि सांगितलं, फार पातळ आहे, चालणार नाही. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर.

पुढची आठवण लताबाईंनीच अनेकदा सांगितली आहे. हैदर चिडले. परतताना स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना त्यांनी सिगारेटच्या डब्यावर ताल धरला आणि एक चाल तिच्याकडून गाऊन घेतली. त्याच वर्षी आलेल्या 'मजबूर' चित्रपटात त्यांनी तिला गायला लावलं. दुसऱ्या वर्षी, १९४९ मध्ये, 'महल', 'बरसात', 'अंदाज' आले, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

या गोष्टीचं तात्पर्य आपण असं काढतो: मुखर्जींना गाणं कळत नव्हतं. मला हे पटत नाही. मुखर्जी हिंदी सिनेमातले अतिशय यशस्वी निर्माते होते. त्या काळच्या लोकप्रिय गायिका आठवा. नूरजहाँ, शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली. भरदार, दमदार, मोकळे आवाज. लोकांच्या कानांना त्याची सवय होती. त्या कानांनी ऐकलं तर लताबाईंचा आवाज पातळच वाटणार. मुखर्जींच्या मनातला प्रश्न 'ही चांगली गाते का?' हा नव्हताच. प्रश्न होता, 'माझ्या या सिनेमातल्या, या नायिकेला हा आवाज शोभेल का?' त्या प्रश्नाचं त्यांच्यापुरतं उत्तर होतं, नाही.

हैदर दुसराच प्रश्न विचारत होते. 'या आवाजासाठी मी कोणती चाल बांधू?' आवाज एकच. प्रश्न बदलला आणि उत्तर बदललं.

हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

गाणारा दिसायचा नाही, अशी ऑडिशन

आता दिल्ली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. ते १९६२ पर्यंत, म्हणजे तब्बल १० वर्षं या खात्यात राहिले. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी त्यांनीच कमी केली. मग लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण त्यांनी आणखी एक मोठं काम केलं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. त्यांनी ऑडिशनची देशव्यापी व्यवस्था उभी केली.

त्याआधी रेडिओवर कुणाला गायला मिळायचं? केंद्रावरच्या अधिकाऱ्याला कोण माहीत आहे, कुणाचं नाव आहे, कुणाची ओळख आहे, यावर बरंच अवलंबून असायचं. केसकरांना हे मोडायचं होतं. त्यांनी नियम केला: रेडिओवर गायचं तर ऑडिशन द्यायची, मग तुम्ही कितीही मोठे असा. आणि ऐकणाऱ्या मंडळींना गाणारा दिसणार नाही, फक्त आवाज ऐकू येईल. या कामाची धुरा त्यांनी पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे दिली. रातंजनकर मूळचे मुंबईचे, भातखंड्यांचे पट्टशिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य.

कागदावर किती छान वाटतं ना! चेहरा नाही, कपडे नाहीत, गाव नाही, जात नाही, ओळख नाही. फक्त सूर. आजच्या टीव्हीच्या बरोबर उलट.

पण झालं काय? देशभरातले नामवंत कलाकार खवळले. ज्या उस्तादांनी आयुष्यभर मैफली गाजवल्या, त्यांना आता परीक्षार्थ्यासारखं बसवणार? वर रागाच्या शास्त्रावर प्रश्नही विचारणार? घराण्यात वडिलांसमोर, गुरूसमोर बसून ऐकत ऐकत शिकलेला माणूस राग गाऊन दाखवेल. पुस्तकातली व्याख्या तो कशाला पाठ करेल? विरोध झाला, बहिष्कार झाला, आणि रातंजनकरांसारख्या विद्वानाला त्यासाठी बरीच टीका सोसावी लागली.

आणखी एक कडू गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर हे खातं सुरुवातीला सरदार पटेलांकडे होतं. त्याच काळात असं धोरण आलं की ज्यांचं खासगी आयुष्य समाजात चर्चेचा विषय आहे, अशा गायिकांना रेडिओवर स्थान नको. याचा सरळ फटका तवायफ परंपरेतल्या बायकांना बसला. ठुमरी, दादरा, गझल ज्यांनी जपली, ज्यांच्या आवाजावर सुरुवातीची ग्रामोफोन कंपनी आणि रेडिओ उभा राहिला, त्यांच्यासाठी दारच बंद. आवाज ऐकण्याआधीच 'नाही'.

म्हणजे बघा, पुढे पडदा लावला, चेहरा लपवला, तरी पडद्यापर्यंत कुणी यायचं हे आधीच ठरलं होतं. आकाशवाणीचा प्रश्न होता, 'स्वतंत्र भारताच्या शिस्तबद्ध, सभ्य संगीतात हे बसतं का?' त्याचा फायदाही झाला. लहान गावातल्या, कुणाची ओळख नसलेल्या कित्येक गायकांना ग्रेड मिळाली, त्या ग्रेडप्रमाणे मानधन मिळालं, महिन्याचा किराणा सुटला. आजही 'बी हाय', 'ए', 'टॉप' या ग्रेड कलाकार आपल्या परिचयात अभिमानानं लिहितात. नुकसानही झालं. दोन्ही खरं आहे.

रेडिओ विकणाऱ्यांची स्पर्धा

सरकार असं दार बांधत असताना बाजारानं दुसरं दार उघडलं. मर्फी आठवतो? तोंडाशी बोट धरलेलं ते बाळ. आजोबांच्या घरी असेल तो रेडिओ. १९५०च्या दशकात 'मेट्रो मर्फी' नावाची अखिल भारतीय गायन स्पर्धा झाली. नौशाद आणि सी. रामचंद्र यांच्यासारखे संगीतकार परीक्षक. त्यात जिंकलेला एक तरुण म्हणजे महेंद्र कपूर. १९५९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'मध्ये सी. रामचंद्रांनी त्यांना गायला दिलं आणि नाव झालं.

पुढे १९७०च्या दशकात मुंबईत सूर सिंगार संसदेची स्पर्धा गाजायची. १९७६ ला तिथे कोल्हापूरचे सुरेश वाडकर जिंकले. जयदेव आणि रवींद्र जैन हे परीक्षकांत होते. रवींद्र जैन यांनी त्यांना 'पहेली'त गायला दिलं, जयदेवांनी 'गमन'मध्ये. पुढच्या वर्षी याच स्पर्धेत हरिहरन जिंकले, आणि त्यांनाही जयदेवांनी 'गमन'मध्येच घेतलं. १९७८चा एक चित्रपट, त्यात एकाच स्पर्धेचे दोन विजेते!

मला या काळातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इथे परीक्षकाकडे काम होतं. जो मार्क द्यायचा, तोच उद्या सकाळी रेकॉर्डिंगला बोलवू शकायचा. त्यामुळे त्याचा प्रश्न साधा, सरळ होता: 'मी याला माझं गाणं देईन का?' त्याला शो रंगवायचा नव्हता. टाळ्या, रडारड यांच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. स्वतःचं गाणं बिघडू नये, एवढीच काळजी.

१९९५: स्पर्धा दिवाणखान्यात येते

केबल टीव्ही आला. १९९५ मध्ये झी टीव्हीवर गजेंद्र सिंह यांचं 'सा रे ग म' सुरू झालं. सूत्रसंचालक होता विशी-बाविशीचा सोनू निगम. त्याचे सुरुवातीचे भाग यूट्यूबवर सापडले तर जरूर बघा, आज विचित्र वाटतील. कारण तिथे गाण्याशिवाय फारसं काहीच घडत नाही. मुलगा उभा राहतो, गातो. समोर नौशाद, खय्याम, कल्याणजी, पंडित जसराज यांच्यासारखी माणसं. ते मार्क देतात आणि एखादी हरकत कुठे चुकली ते सांगतात. घरच्यांची दुःखं नाहीत, संथ वाजणारी व्हायोलिनं नाहीत.

याच सुमारास दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' होतं. त्यातून सुनिधी चौहान पुढे आली. 'सा रे ग म'मध्ये लहान श्रेया घोषाल जिंकली. संजय लीला भन्साळींच्या आईनं तिला टीव्हीवर ऐकलं, मुलाला हाक मारली, आणि २००२ मध्ये 'देवदास' आला. म्हणजे टीव्ही आला तरी ती जुनी साखळी अजून शाबूत होती: कुणीतरी ऐकतं, त्याला स्वतःच्या कामासाठी आवाज हवा असतो, तो काम देतो.

मग ऑडिशनच कार्यक्रम झाली

बदल झाला तो पुढच्या टप्प्यावर, आणि तो इंग्लंडहून आला. २००१ मध्ये तिकडे सायमन फुलरचं 'पॉप आयडॉल' सुरू झालं. त्यातली खरी महत्त्वाची कल्पना कोणती? लोकांनी मत द्यायचं, ही तर होतीच. पण त्याहून मोठी कल्पना म्हणजे ऑडिशन दाखवायची! जुन्या स्पर्धांत निवड ही स्पर्धेच्या आधीची, कुणाला न दिसणारी गोष्ट होती. आता तीच कित्येक आठवड्यांचा कार्यक्रम झाली. रांग, घाम, आई-बाबा, रडणं, उड्या, अपमान, सगळं.

२००४ मध्ये सोनीवर 'इंडियन आयडॉल' आलं. परीक्षक सोनू निगम, अनू मलिक, फराह खान. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला आणि रातोरात स्टार झाला. त्या वेळी आमच्या चाळीत प्रत्येकाचा मोबाईल मत द्यायला वापरला गेला होता. एसएमएस साधा नव्हता, त्याला जास्त पैसे पडायचे. म्हणजे गाणं ऐकणारा आता प्रेक्षकही होता, परीक्षकही आणि गिऱ्हाईकही.

यानं काय झालं? २००७ मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. तो कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्यासाठी डोंगरातल्या गावांनी वर्गणी काढून मतं दिली. तिकडे शिलाँग अमित पॉलच्या मागे उभं राहिलं. प्रशांत जिंकल्यावर एका रेडिओ निवेदकानं त्याची आणि त्याच्या समाजाची टिंगल केली, त्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली. गाण्याच्या स्पर्धेवरून! कारण तोवर मत सुराला दिलं जात नव्हतं. ते आपल्या गावाला, आपल्या माणसाला, आपल्या ओळखीला दिलं जात होतं.

एकदा मत असं पडतं म्हटल्यावर निर्मात्याला पहिल्या फेरीतच काय शोधावं लागेल? असा माणूस, ज्याच्याशी प्रेक्षकाचं नातं जुळेल. आवाज हवाच, त्याशिवाय सहा महिने निघणार नाहीत. पण आवाजासोबत गोष्ट हवी.

हे मी मनचं सांगत नाही. खुद्द अभिजीत सावंतनं २०२१ मध्ये जाहीरपणे नाराजी व्यक्त केली की हल्ली स्पर्धकाच्या गाण्यापेक्षा त्याच्या गरिबीत जास्त रस घेतला जातो. त्याच वर्षी अमितकुमार यांनी सांगितलं की पाहुणा परीक्षक म्हणून गेल्यावर सगळ्यांचं कौतुकच करा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. सुनिधी चौहाननंही परीक्षक असतानाचा असाच अनुभव सांगितला. आणि सुरुवातीच्या सीझनची सूत्रसंचालक मिनी माथुर हिनं, भावनिक क्षण ठरवून घडवले जाऊ लागले म्हणून आपण बाहेर पडलो, असं सांगितलं. ही सगळी आतली माणसं आहेत.

ताईची रांग

आता थोडं माझं. २०११ ची गोष्ट. माझी मामेबहीण, मी तिला ताई म्हणतो, बावीस वर्षांची होती. मिरजेला दहा-बारा वर्षं शास्त्रीय शिकलेली. एका मोठ्या शोची पुण्यात ऑडिशन होती. शोचं नाव सांगत नाही, आणि त्यानं काही फरकही पडत नाही. मामाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोबतीला मी. काम एकच: पाण्याच्या बाटल्या, डबा आणि ताईची ओढणी सांभाळायची.

पहाटे साडेपाचला रांगेत लागलो, आमच्या आधी सातआठशे जण. नऊला फॉर्म मिळाला. दोन पानं. एका पानावर नाव, वय, कुठे शिकलात. दुसरं पान मोठं: घरी कोण कोण, वडील काय करतात, आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग, गाण्यासाठी काय सोडलंत. ताईनं लिहिलं, वडील एसटीत कंडक्टर, घरी सगळं ठीक. फॉर्म गोळा करणारी मुलगी तिच्याच वयाची होती. तिनं वाचलं आणि मऊ आवाजात विचारलं, "काही स्ट्रगल वगैरे?" ताई म्हणाली, "नाही हो, बाबा पाठीशी आहेत." त्या मुलीनं मान हलवली आणि पुढे गेली. तिची काही चूक नव्हती, तिला तेवढंच विचारायला सांगितलं असणार.

मग अकरा वाजता क्रेनवर कॅमेरा आला. सगळ्यांनी हात वर करून ओरडायचं, शोचं नाव घ्यायचं. एकदा झालं, "अजून जोश!" दुसऱ्यांदा झालं, "मागचे लोक झोपलेत का?" असं चार-पाचदा. विचार करा, ज्यांना थोड्या वेळानं गायचंय, त्यांनाच उन्हात घसा फोडून ओरडायला लावलं! ताई नुसते ओठ हलवत होती. मला म्हणाली, "तू ओरड रे माझ्या वाटचं."

तीन वाजता तिचा नंबर लागला. वर्गखोली, दोन माणसं, एक टेबल. तानपुरा नाही, पेटी नाही, स्वतःच पट्टी धरायची. तिनं एक मराठी भावगीत सुरू केलं. दोन ओळी झाल्या आणि थांबवलं. "हिंदी काही? जरा उडतं?" तिनं हिंदी मुखडा गायला. पुन्हा थांबवलं. "छान आहे. थँक यू." बस. सगळं मिळून मिनिटभर. साडेनऊ तासांच्या रांगेसाठी एक मिनिट.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. कराडच्या पुढे म्हणाली, "अरे, बेसूर गेले असते तर बरं झालं असतं. निदान काय सुधारायचं ते कळलं असतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नकारात सगळ्यांत जास्त त्रास याचाच होतो. नाकारलं, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

पुढे तिनं आकाशवाणीची सुगम संगीताची ऑडिशन दिली. स्टुडिओत शिरली, काचेपलीकडून खूण झाली, नेमून दिलेली गाणी पूर्ण गायली. ऐकणारे कोण, तिला दिसले नाहीत. ती कशी दिसते, वडील काय करतात, हे त्यांनी विचारलं नाही. काही महिन्यांनी पत्र आलं, बी ग्रेड. केसकरांची ती जुनी व्यवस्था, ज्यावर आत्ताच मी इतकी टीका केली, तिनं माझ्या ताईचं गाणं मात्र पूर्ण ऐकून घेतलं. म्हणून मी म्हटलं, दोन्ही खरं आहे.

मग 'नाही'चं करायचं काय?

इथे बहुतेक लोक म्हणतील, 'लतादीदींनाही नाकारलं होतं, धीर सोडू नका!' मी तसं म्हणणार नाही. ज्यांना नाकारलं आणि पुढे काहीच झालं नाही, अशांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की नकारानंतर यशच येतं. नाकारलं जाणं म्हणजे तुमच्यात लता दडलीय, याचा पुरावा नव्हे.

पण तुमच्यात काहीच नाही, याचाही तो पुरावा नाही. २००५ मध्ये 'फेम गुरुकुल' नावाच्या शोमधून एक मुलगा अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला. त्याचं नाव अरिजीत सिंग. त्यानंतर तो संगीतकारांच्या हाताखाली बसून काम शिकला. मत देणाऱ्या प्रेक्षकांपेक्षा त्याला हवा होता तो गाणं देणारा माणूस, तो तिथे भेटला. नेहा कक्कर 'इंडियन आयडॉल'च्या दुसऱ्या सीझनमध्ये लवकर बाहेर पडली आणि पुढे त्याच शोची परीक्षक झाली. दुसरीकडे, शोनं ज्यांचं खरंच भलं केलं असे लोकही आहेत. विदर्भातली वैशाली माडे मराठी आणि मग हिंदी 'सा रे ग म प' जिंकली आणि पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालसोबत गायली. आणि २००८-०९चे 'लिटिल चॅम्प्स', म्हणजे कार्तिकी, मुग्धा, आर्या, प्रथमेश, रोहित, ही पाचही नावं आपल्याला अजून तोंडपाठ आहेत. तेव्हा टीव्ही वाईटच, असं मी म्हणत नाही.

म्हणणं एवढंच: ऑडिशन ही परीक्षा नसते, ती गरज असते. समोरच्याची गरज. मुखर्जींना एका नायिकेचा आवाज हवा होता. केसकरांना देशाचं 'शुद्ध' संगीत हवं होतं. जयदेवांना 'गमन'साठी गळा हवा होता. वाहिनीला सोमवार ते बुधवार बघितला जाईल असा भाग हवा असतो. चौघांचे प्रश्न चार, म्हणून चौघांची उत्तरं चार.

त्यामुळे जाणार असाल तर जरूर जा, पण दोन-तीन गोष्टी बांधून घ्या. मिनिटभरात जे सांगायचंय ते गाण्याच्या पहिल्या ओळीतच असू द्या, दुसऱ्या कडव्यातली तुमची सुंदर जागा कुणी ऐकणार नाही. एक मराठी, एक हिंदी, एक उडतं, एक संथ, अशी चार तयार ठेवा. वाद्याशिवाय पट्टी धरायचा सराव करा. सही करायला जो कागद देतील तो घरी कुणाला तरी वाचायला लावा, कारण तुमचा चेहरा, आवाज, रडणं कुठे वापरायचं याची परवानगी त्यातच असते. आणि फॉर्मच्या दुसऱ्या पानावर जे खरं असेल तेच लिहा. 'घरी सगळं ठीक' हेही उत्तर आहे.

मध्यंतरी तर रांगही गेली होती. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात 'इंडियन आयडॉल'च्या ऑडिशन ॲपवर घेतल्या गेल्या. व्हिडिओ पाठवायचा आणि वाट बघायची. "पुढचा!" म्हणणारा आवाजही ऐकू यायचा नाही, नुसतं काहीच घडायचं नाही. त्यामुळे 'नाही' कुणी म्हटलं, का म्हटलं, आणि तुमचं गाणं खरंच कुणी ऐकलं का, हे कळायचीही सोय राहिली नव्हती. म्हणून ज्याला तुमचं गाणं पूर्ण ऐकायला वेळ आहे, चूक कुठे झाली ते सांगायची ज्याची तयारी आहे, असा एक तरी माणूस जवळ ठेवा. गुरू असेल, वर्गातली मैत्रीण असेल, गल्लीतला पेटीवाला असेल. गाणं सोडायचं की नाही, हे विचारायचं तर त्याला विचारा.

तुमच्यापैकी कुणी अशी रांग लावली असेल, कुणाच्या आई-आजीनं रेडिओची ऑडिशन दिली असेल, तर आवाजात रेकॉर्ड करून नक्की पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, पूर्ण ऐकू, दोन ओळींत थांबवणार नाही.

भेटू. काळजी घ्या.